माया राखावी

सरकारी नोकरीत माणसाला एक गोड गैरसमज जडतो. लिहिलेल्या मजकुराचा अर्थ लावणे हे आपले नित्याचेच काम असल्यामुळे, आपल्याला न समजणारा मजकूर बहुधा कोणी लिहीतच नाही, असे त्याला वाटू लागते. नियमांतील पोटनियम, पोटनियमांचे अपवाद आणि अपवादांवरील खुलासे यांत उभी हयात घालवल्यावर असा अभिमान वाटला तर त्यात नवल नाही. माझा हा अभिमान ज्या मजकुराने उतरवला, तो कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध झालेला नव्हता. माझ्या आत्याने १९८९ साली बडोद्याहून एका पार्सलाबरोबर पाठवलेल्या चिठ्ठीत तो होता, आणि आशीर्वाद वगळता अवघ्या पाच वाक्यांचा होता. तो अभिमान उतरायला मध्ये पंचवीस वर्षे जावी लागली, ही गोष्ट निराळी.

पार्सलात पणजोबांचा अंगरखा होता. पणजोबा बडोदे संस्थानात कारकून होते. त्यांच्या लग्नासाठी घरीच बेतलेला आणि घरीच शिवलेला, पांढऱ्या तलम मलमलीचा, बंदांचा असा हा अंगरखा. पुढे आमच्या घरात प्रघातच पडला की, नवऱ्या मुलाने सीमांतपूजनाच्या वेळी, घटकाभर का होईना, तो अंगावर चढवायचा. आजोबांनी चढवला, वडिलांनी चढवला, १९८४ साली मीही चढवला. आता धाकट्या भावाचे लग्न ठरले होते. ते माझ्या बदलीच्या गावी व्हायचे होते आणि आत्याला एवढा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. तोवर हे वस्त्र प्रत्येक लग्नात आधी तिच्या आईच्या आणि मग तिच्या हाताखालून गेले होते. आता ते प्रथमच तिच्या हातावेगळे होत होते. म्हणून तिने लिहिले होते:

‘चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. अंगरखा पाठवीत आहे. उजवा चौबगला उसवला आहे तेवढा धरून घ्यावा. कळ्यांना हात लावू नये. पर्दा सुटला तर धावदोऱ्याने धरावा, टीप मारू नये. माया राखावी.’

या मजकुराचा मी लावलेला अर्थ आज सांगतानाही मला संकोच वाटतो. ‘चौबगला’ हा शब्द मला ठाऊक नव्हता. पण त्यात ‘बगल’ आहे, त्या अर्थी तो काखेचा काही प्रकार असणार, असे मी धरले, आणि उजव्या काखेत शिवण सुटलेली दिसल्यामुळे माझा तर्क खरा ठरला. ‘कळ्यांना हात लावू नये’ हे वाक्य वाचून मी अंगरख्यावर कुठे वेलबुट्टी आहे का ते पाहिले. एकही फूल दिसले नाही, तेव्हा ही सूचना आपोआपच पाळली गेली, असे मी मनाशी नोंदवून टाकले. पडद्याने मात्र मला बुचकळ्यात पाडले. पार्सलात पडदा कुठेच नव्हता. मी ते दोनदा झटकून पाहिले आणि तो बांधाबांधीत बडोद्यालाच राहिला असावा, असे ठरवले. टीप म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे कागदाच्या तळाशी लिहिलेला मजकूर येतो. पण शिंपीही टीप मारतो एवढे मला ठाऊक होते. शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलोच नाही. ‘लोभ असावा’ असे लिहून पत्र संपवण्याची आपली जुनी रीत आहे. आत्याने लोभाच्या जागी माया घातली होती, इतकेच. माझे मन भरून आले आणि मी पत्राची घडी घातली.

बदलीच्या त्या गावी एक शिंपी होता. त्याच्याकडे मी अंगरखा दिला आणि उजवी बाजू ‘नीट’ करून मागितली. धावदोऱ्याची सूचना मी त्याला सांगितली असावी. पण पत्रातील ज्या शब्दांचा अर्थ मला कळला नव्हता, ते दुसऱ्याला बजावून सांगण्याइतका माझा आवाज ठाम असणे शक्य नव्हते. त्याने दुसऱ्या दिवशी अंगरखा परत दिला. उजव्या बाजूला यंत्राची सरळ, बारीक, देखणी टीप होती. आतली बाजूही त्याने स्वच्छ करून दिली होती. आत लोंबणारे जादा कापड साफ कापून कडा एकसारखी केली होती. डावी बाजू शाबूत असल्यामुळे त्याने तिला हात लावला नव्हता. भाऊ माझ्याच अंगलटीचा. त्याला अंगरखा बेताचा बसला. सगळे कसे झकास झाले, असे मी आत्याला कळवले. चार वर्षांनी आत्या गेली. उजव्या बाजूची हकीकत तिला कधी कळली नाही.

२०१४ साली माझ्या मुलाचे लग्न निघाले तेव्हा मी जयपूरला होतो. चिरंजीव अंगापिंडाने माझ्या आजोबांवर गेलेले. रुंद पाठ, भरदार छाती. अंगरखा त्याच्या अंगावर चढेना. जोर केला असता तर तो चढला नसता, फाटला असता. आता कोणाचा सल्ला घ्यावा या विवंचनेत मी होतो. त्याच सुमारास पाहुण्यांना घेऊन राजवाड्यातील संग्रहालयात जाण्याचा योग आला. तेथे मुबारक महालात जुनी राजवस्त्रे मांडलेली आहेत. १७५० ते १७६८ या काळात राज्य केलेल्या पहिल्या सवाई माधोसिंगांची अवाढव्य वस्त्रे पाहायला लोक गर्दी करतात, आणि एवढा माणूस असेल तरी केवढा, याची चर्चा करीत पुढे सरकतात. मी मात्र त्या दिवशी प्रथमच माणसाचा विचार न करता शिवणीचा विचार करीत उभा होतो. एवढा विस्तार कापडाच्या अरुंद पट्ट्यांतून उभा केला कोणी, आणि कसा? आपल्याकडे राजघराण्याच्या वस्त्रांचे खाते जामदारखान्याकडे असे. जयपूर दरबारात ते कपडद्वाऱ्याकडे असे. तेथे जमा असलेल्या प्रत्येक वस्त्रामागे कोणीतरी बेतणारा आणि कोणीतरी शिवणारा असणारच. त्यांचे वारस या शहरात असतील, असे मनात आले आणि मी चौकशी सुरू केली.

एका जुन्या गल्लीत मला एक वृद्ध शिंपी भेटले. सारे त्यांना मास्टरजी म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. पत्नी बरोबर होती. मी अंगरखा पुढे केला, तेव्हा त्यांनी तो उलगडून पाहिला नाही. आधी उलटा केला. वस्त्राची खरी बाजू आतली असते, ही गोष्ट मी त्या क्षणी शिकलो. त्यांनी डाव्या शिवणीवरून बोट फिरवले, उजव्या शिवणीवरून फिरवले, तेथे ते थांबले, आणि काही न बोलता विचारले की, ज्यांनी हे जपले त्यांनी काही सांगून ठेवले आहे काय? पत्र अंगरख्याच्या घडीतच होते. मास्टरजींना मराठी येत नव्हते. मी ते शब्दशः वाचू लागलो. आणि मौज अशी की, ज्या शब्दांपाशी मी अडलो होतो, त्या प्रत्येक शब्दापाशी ते मान हलवीत होते.

चौबगला म्हणजे काख नव्हे. काखेत बसवलेला तो कापडाचा चौकोनी तुकडा. जुने वस्त्र सरळ कापलेले असते. अंगाचा भाग एक सरळ पट्टा, बाही दुसरा. हे दोन्ही सरळ जोडले तर हात वर करताच सगळे वस्त्र कमरेपासून ओढले जाते. म्हणून दोहोंच्या कोपऱ्यात एक चौकोन बसवतात. त्याच्या दोन बाजू बाहीला जोडतात, दोन अंगाला. हात वर केला की ताण पडतो तो चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर. आणि विणलेले कापड उभ्या धाग्यावर ताणत नाही, आडव्यावर फारसे ताणत नाही, कर्णावर मात्र ताणते. मराठीत याला आपण उरेब म्हणतो, मास्टरजींचा शब्दही तोच. अंगासरशी बसणारी चुडीदार विजार याच गुणामुळे गुडघ्यात वाकते. तिचे कापड आधी पिशवीसारखे जोडून घेतात आणि मग तिरपे कापतात. चौबगल्यात मात्र कापड तिरपे कापावेच लागत नाही. सरळ कापलेला चौकोन नुसता तिरपा बसवला की काम होते. माझ्या पणजोबांच्या काखेत एवढी भूमिती दडलेली होती आणि मी तिला बगल दिली होती.

कळीची कथा तशीच. अंगरख्याचा कमरेखालचा घेर ज्या निमुळत्या पट्ट्यांनी होतो, त्या पट्ट्या म्हणजे कळ्या. वर अरुंद, खाली रुंद. मास्टरजींनी एका कागदावर मला बेत करून दाखवला. बारा इंच रुंदीचा एक लांबट आयत घ्या. वरच्या कडेवर डावीकडून तीन इंचांवर एक खूण करा, खालच्या कडेवर डावीकडून नऊ इंचांवर दुसरी. दोन्ही खुणा जोडून कात्री चालवा. हातात दोन तुकडे येतात. एक वर तीन इंच आणि खाली नऊ, दुसरा वर नऊ आणि खाली तीन. दुसरा उलटा फिरवला की दोन्ही सारखे. दोन कळ्या झाल्या आणि एक चिंधीही वाया गेली नाही. मात्र प्रत्येक कळीची एक कड सरळ धाग्यावर असते आणि एक तिरपी. जोडताना सरळ कडेला तिरपी जोडावी लागते, म्हणजे तिरपी बाजू लोंबत नाही. एकदा उसवून जोडण्याचा क्रम चुकला तर घेर वाकडा पडतो आणि मग तो कोणाच्याने सरळ होत नाही. ‘कळ्यांना हात लावू नये’ याचा अर्थ हा होता. माझ्या हातून ही सूचना पाळली गेली, ती केवळ मला कळ्या सापडल्या नाहीत म्हणून.

आणि पडदाही पार्सलातच होता. अंगरख्याचा गळा पुढून खोल, गोलाकार उघडा असतो. त्या उघड्या जागेमागून छाती झाकणारा जो आतला भाग असतो, त्यालाच पर्दा म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढे तो होता. मी तो खिडकीवर शोधत होतो.

धावदोरा आणि टीप यांतील भेद मास्टरजींनी ज्या रीतीने सांगितला, ती रीत मला विशेष आवडली. धावदोरा पुढेच जातो. टीप प्रत्येक टाक्याला मागे वळून आधीचा टाका पक्का करते आणि मग पुढे जाते. साहजिकच टीप मजबूत. मग ती वर्ज्य का? तर शिवण कापडापेक्षा मजबूत असू नये म्हणून. जुन्या कापडावर ताण आला की काहीतरी तुटणारच. धावदोरा असेल तर दोरा तुटतो. वस्त्र उसवते, पण फाटत नाही, आणि उसवलेले पुन्हा शिवता येते. टीप असेल तर दोरा तुटत नाही, शेजारचे कापड तुटते. त्यातून यंत्राची सुई जवळजवळ भोके पाडत जाते, आणि टपाल तिकिटांच्या कागदासारखी फाटण्याची वाट तीच आखून ठेवते. हे ऐकताना मला आपल्या भाषेतील तीन शब्द आठवले. शिवण उसवते, कापड विरते, वस्त्र फाटते. लहानपणी घरातील बायका हे शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरीत नसत. ‘फाटला नाही रे, उसवलाय’ असे आई म्हणे, तेव्हा त्यात दिलासा असे. मला तो फक्त शब्दांचा चोखंदळपणा वाटे.

पुढच्या आठवड्यात मी तीन-चार वेळा मास्टरजींकडे गेलो. अंगरख्याचे निमित्त होते. खरे तर मला शब्दांचा छंद लागला होता. आम्ही कापड ‘बेततो’, ते ‘ब्योंतना’ म्हणत. नुसते कापणे निराळे आणि बेतणे निराळे. मापे घेऊन, कापड पसरून, कोणता तुकडा कोठून निघेल याचा आधी मनात हिशोब करून मग कात्री लावायची, ते बेतणे. आपल्या साऱ्या आयुष्यातील ‘बेत’ शिंप्याच्या या शब्दाचेच सोयरे आहेत. त्यांची घुंडी ती आमची गुंडी. त्यांची मगजी आणि गोट आम्हांला परकी नाहीत. त्यांचा गज सोळा गिरह्यांचा, आमच्याकडचा चोवीस तसूंचा. आता दोघेही इंचांत मोजतात. अटकेपासून तंजावरपर्यंत फौजा गेल्या, कारकून गेले, हे आपल्याला इतिहासात शिकवतात. त्यांच्याबरोबर शिंपीही गेले असतील, हे मात्र मला या वयात सुचले. वास्तविक नामदेवांचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. शिंप्याच्या घरातला हा संत पंजाबातील घुमानपर्यंत पोचला. गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत, आणि त्यांतल्या एकात भक्तीला उपमा दिली आहे ती त्यांच्या धंद्यातल्या अवजारांचीच.

वस्त्रांची नावे बदलण्याचा अधिकार राजांनीही वापरून पाहिला आहे. ‘आइन-इ-अकबरी’मध्ये अबुल फज्लने बादशहाच्या वस्त्रागाराचे मोठे बारकाईने वर्णन केले आहे. एका बिनअस्तराच्या अंगवस्त्राला किती कापड लागते, तर सात गज सात गिरह, आणि कडेच्या पट्टीला आणखी पाच गिरह. इतका त्याचा हिशोब काटेकोर आहे. त्या वस्त्राचा चिरलेला घेर बंद करून गोल करावा आणि डावीकडे बांधायचे ते उजवीकडे बांधावे, अशी अकबराची आज्ञा झाल्याचेही तो नोंदवतो. याच बादशहाने वस्त्रांना नवी नावे दिली. जाम्याला सर्बगाती, इजारीला यार-पैराहन, बुरख्याला चित्रगुपित. नावे सुंदर होती आणि नाव देणारा हिंदुस्थानचा बादशहा होता. आज ती नावे कोणाच्या तोंडी आहेत? उलट इजारीची विजार होऊन ती आमच्या घराघरांत नांदली, पैराहनची पैरण झाली, आणि जामा व निमा या दोन वस्त्रांचा मिळून ‘जामानिमा’ झाला. ती वस्त्रे गेली, तरी समारंभाला निघालेल्या माणसाचा जामानिमा अजून शिल्लक आहे. पुढे १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवला आणि दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांतले काही रुजले, काही पोथीत राहिले. आपण सरकारी माणसे परिभाषा घडवतो तेव्हा हे ध्यानात ठेवावे. शब्द हुकमाने जन्मतो, पण जगतो तो हाताने. ज्या हाताला तो रोज लागतो, तोच त्याला सांभाळतो.

इतके झाल्यावर एके संध्याकाळी मी मास्टरजींना मूळ प्रश्न विचारला. अंगरखा मुलाला होईल काय? त्यांनी तो पुन्हा उलटा केला आणि आम्हां दोघांना दिव्याजवळ बोलावले. डाव्या शिवणीच्या आत तीन बोटे जादा कापड दुमडून ठेवलेले होते. त्यांनी ते उलगडले. शिवणीला समांतर अशा बारीक छिद्रांच्या तीन ओळी त्यावर होत्या. मुंग्यांची रांग जावी तशा. मास्टरजी म्हणाले, हे वस्त्र चार वेळा वेगवेगळ्या मापाला शिवले गेले आहे. बाहेरची ओळ सर्वांत रुंद माणसाची. मधल्या दोन मध्यम अंगाच्यांच्या. आताची शिवण सर्वांत सडपातळ माणसाची.

सर्वांत रुंद माणूस म्हणजे माझे आजोबा. मधले दोघे पणजोबा आणि वडील. आताची शिवण माझी होती. १९८४ साली लग्नाच्या आदल्या रात्री आत्या कंदिलाशेजारी काहीतरी शिवत बसली होती, एवढे मला आठवत होते. ती काय शिवते आहे, हे मी विचारले नव्हते.

मास्टरजींनी मग उजवी बाजू उघडली. तेथे दुमडलेले कापड नव्हते, ओळी नव्हत्या. यंत्राच्या टिपेपासून दोन दोऱ्यांवर कात्रीची सरळ कड होती. ते म्हणाले, डावी बाजू आपण आजोबांच्या मापापर्यंत सोडू शकू. उजव्या बाजूला सोडायला काही उरलेले नाही. आणि मग, आरोपाच्या स्वरात नव्हे, खरोखरच नवल वाटून ते म्हणाले की, ज्या बाईंनी कळी आणि पर्दा यांच्यापर्यंत सगळे लिहिले, त्या आतल्या कापडाविषयी लिहायला विसरतील असे वाटत नाही.

मी म्हणालो, पत्र संपले. शेवटी फक्त प्रेमाचे एक वाक्य आहे.

‘कोणते?’ पत्नीने विचारले.

पत्रातील शब्द मास्टरजींना समजावण्याच्या भरात तेवढे एक वाक्य मी कधी वाचलेच नव्हते. घरगुती म्हणून ते मी वगळत होतो. आता वाचले. माया राखावी.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. ‘अहो, ती ही माया,’ तिने डाव्या शिवणीतील कापडाला बोट लावले. ‘शिवणीत आत जादा कापड ठेवतात ना, त्यालाच माया म्हणतात. तुम्ही मला हे पत्र त्या वेळी दाखवले का नाही?’

तिचे माहेर सोलापूरचे. तेथे सिद्धेश्वराच्या यात्रेत आजही पांढरी बाराबंदी घालतात, आणि तिच्या घरी दर संक्रांतीच्या आधी कोणाची ना कोणाची बाराबंदी सोडली किंवा आवळली जाई. तिला हा शब्द लहानपणापासून ठाऊक होता. खरे सांगायचे तर तो मलाही ठाऊक होता. ‘परकराला माया ठेवा, पोर वाढती आहे’ असे आई शिंप्याला सांगताना मी शंभरदा ऐकले असेन. पण मी तो ऐकला तो घरात. वाचला तो पत्रात. अपरिचित शब्द निदान वाटेत उभा राहून आपल्याला थांबवतो. चौबगल्यापाशी मी थांबलो होतो, पडद्यापाशी गोंधळलो होतो. जो शब्द मला पुरता ठाऊक आहे असे वाटले, त्यानेच मला पुढे जाऊ दिले. पंडित लोक माया शब्दाचा संबंध ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूशी जोडतात. वेदान्ती त्याचा अर्थ भ्रम असा करतात. सरकारी नोकराने माया जमवली असे कोणी म्हटले, की त्याच्यामागे चौकशी लागते. एवढे सगळे अर्थ माझ्या संग्रही होते. ज्या अर्थी तो माझ्या घरात वापरला जात होता, तेवढाच अर्थ नव्हता.

त्या शिंप्याला मी दोष देत नाही. त्याने त्याच्या रीतीने काम स्वच्छ केले. आजचे बरेच कपडे एका मापाच्या एका माणसासाठी असतात. त्यांच्या आत जादा कापड दिसले तर तो गबाळेपणा वाटतो. जुने वस्त्र बेतणारी बाई मात्र समोरच्या एका माणसाचे माप घेत नसे. पुढे येणारा कोणी रुंद असेल, कोणी सडपातळ असेल. तो कोण असेल हे तिला ठाऊक नसे, पण त्याच्यासाठी तीन बोटे कापड ती आत दुमडून ठेवी. ते बाहेरून कोणाला दिसत नसे. माझ्यासाठी कोणीतरी असे ठेवले होते आणि मी ते पुढच्यासाठी राखले नाही.

मास्टरजींनी अंगरखा ठेवून घेतला. आधी त्यांनी यंत्राची टीप एकेक टाका करून उसवली. मग आपल्या कतरणीच्या पेटीतून जुनी, अनेकदा धुतलेली मलमल शोधून काढली. मी नवी, उंची मलमल आणून देतो म्हणालो, त्याला त्यांनी मान हलवून नकार दिला. नवे कापड जुन्याला ओढते, जुन्याला जुनेच लावावे. उजव्या बाजूला कडेशी त्यांनी त्या मलमलीची पट्टी जोडली, आतून एक पातळ आधार दिला, आणि सारे धावदोऱ्याने धरले. पट्टी दिसते. पांढऱ्या रंगाच्याही किती छटा असतात, हे मला त्यामुळे कळले. लग्नाच्या दिवशी डावी बाजू आजोबांच्या ओळीपर्यंत सोडली होती, उजवी परक्या कापडाच्या आधाराने तेवढीच रुंद झाली होती, आणि चिरंजीव त्यात सुखाने हात वर करून पाहुण्यांना नमस्कार करीत होते. फोटोत पट्टी स्पष्ट उमटली आहे. ती झाकावी असे एका नातलगाने सुचवले होते. पत्नीने नको म्हटले.

मास्टरजींनी एक गोष्ट न सांगता केली होती, ती मला घरी आल्यावर आढळली. जोडलेली पट्टी त्यांनी शिवणीपाशी संपवली नव्हती. तीन बोटे कापड आत दुमडून ठेवले होते, डाव्या बाजूइतकेच.

सेवानिवृत्त झाल्यावर माणूस जुने कागद लावायला बसतो. मीही बसलो, तेव्हा आत्याच्या पत्रामागे मी एक कागद टाचून ठेवला. आयुष्यभर मी पुष्कळ टिपणे लिहिली; पण वाचणाऱ्याला माझ्यासारखेच फसता येईल, या जाणिवेने लिहिलेले हे पहिलेच. त्यात चौबगला म्हणजे काय ते आकृती काढून दाखवले आहे. कळ्या किती व कोणत्या क्रमाने आहेत, ते लिहिले आहे. पर्दा कोणता, ते बाणाने दाखवले आहे. यंत्राची टीप का मारू नये, त्याचे कारण दिले आहे. आणि शेवटी, कोणाला ते पत्राचे नुसते प्रेमळ वाक्य वाटू नये म्हणून, सरकारी रीतीप्रमाणे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले आहे: दोन्ही शिवणींत आत तीन-तीन बोटे माया आहे. ती कापू नये.

हा कागद मी पत्नीला वाचून दाखवला. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘ठीक आहे, पण सूनबाईंना एकदा उलटा करून दाखवाच.’ येत्या दिवाळीला ती दोघे यायची आहेत.